पहाटे वाजतो, उन्हे आली की गप्प होतो : घरातील धुराच्या आणि सीओ अलार्मच्या नेहमीच्या तक्रारी व त्यांचे निवारण

धुळ्यातील आमच्या घरात धुराचे तीन आणि कार्बन मोनॉक्साइड वायूचा, म्हणजे ज्याला बोलताना आपण सीओ म्हणतो त्याचा, एक असे चार अलार्म आहेत. ते २०१९ मध्ये बसवले. तेव्हापासून दर हिवाळ्यात त्यांपैकी एखादा पहाटे चार-साडेचारला वाजू लागतो आणि उन्हे वर आली की जणू काही झालेच नाही अशा थाटात गप्प बसतो. "हाई यंत्र रातलेच काब बोंबलस?" (हे यंत्र रात्रीच का बोंबलते?) हा आईचा प्रश्न पहिल्या वर्षी गमतीचा वाटला, दुसऱ्या वर्षी मीही तोच विचारू लागलो. अशा वेळी बहुतेक घरांत जे होते तेच आमच्याकडे झाले. स्टुलावर चढून बॅटरी काढली, अलार्म कपाटात ठेवला आणि 'सकाळी पाहू' म्हणून झोपलो. ती सकाळ दीड महिन्याने उजाडली.

त्यानंतर मी एक साधी सवय लावून घेतली. अलार्म वाजला की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारीख, वेळ, आवाजाचा प्रकार आणि त्याआधीच्या तासाभरात घरात काय चालले होते, एवढे चार तपशील टिपायचे. दोन हिवाळे आणि एक उन्हाळा अशा नोंदी झाल्यावर लक्षात आले की 'उगाच वाजतो' या एकाच शब्दांत आपण ज्या तक्रारी गुंडाळत होतो, त्या प्रत्यक्षात पाच-सहा वेगवेगळ्या होत्या, प्रत्येकीचा उपाय वेगळा होता, आणि त्यांतली एक तर उगाच नव्हतीच. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

आधी आवाज ओळखावा

अलार्म खाली उतरवण्यापूर्वी त्याचा आवाज नीट ऐकावा, कारण निम्मे निदान तिथेच होते. बहुतेक मॉडेलांत धूर आढळल्यास तीन मोठे बीप, थोडा विराम आणि पुन्हा तीन बीप असा क्रम असतो. सीओ आढळल्यास विरामापूर्वी चार बीप होतात. तीस ते साठ सेकंदांनी एकदाच 'चिक्' असा बारीक आवाज येत असेल, तर यंत्र घरातल्या हवेबद्दल काही सांगत नसून स्वतःचीच तक्रार सांगत असते : बॅटरी उतरली आहे, आतला संवेदक (सेन्सर) बिघडला आहे किंवा आयुष्य संपले आहे. काही उत्पादकांचे क्रम याहून वेगळे असल्यामुळे यंत्राच्या पाठीवरील लेबलाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा. पहाटे चार वाजता माहितीपत्रक कधीही सापडत नाही.

चार बीपचा क्रम ऐकू आल्यास मात्र निदान करत बसू नये. सर्वांना उठवून मोकळ्या हवेत न्यावे, जाताना वाटेत असतील तेवढ्या खिडक्या-दारे उघडावीत, गॅसवर किंवा कोळशावर चालणारे जे काही सुरू असेल ते हाताशी असल्यास बंद करावे आणि बाहेर आल्यावर माणसे मोजावीत. कोणाला डोकेदुखी, मळमळ, गरगरणे किंवा ग्लानी असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. आगीसाठी १०१ आणि एकंदर आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. दारे उघडल्यावर काही मिनिटांत अलार्म शांत होतो, आणि नेमके यामुळेच लोक त्याला खोटा ठरवतात. तो शांत झाला याचा अर्थ हवा बदलली, एवढाच असतो.

पहाटेची चिक्-चिक्

ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत निरुपद्रवी तक्रार आहे. बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते आणि तिचा विद्युत दाब (व्होल्टेज) किंचित उतरतो. अलार्म ठरावीक अंतराने बॅटरी तपासत असतो; जी बॅटरी दुपारी जेमतेम उत्तीर्ण होते तीच पहाटे नापास होते. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली जातो आणि दिवसाचे नीचांकी तापमान सूर्योदयाच्या थोडे आधी असते, म्हणून हा आवाज साखरझोपेतच येतो. उन्हाने खोली तापली की दाब पुन्हा सावरतो आणि यंत्र गप्प होते. ते बरे झालेले नसते. बॅटरी काही दिवसांची सोबती उरलेली असते.

उपाय बॅटरी बदलणे हाच आहे, पण ती कोणती यालाही महत्त्व आहे. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लागत असेल तर अल्कलाइन किंवा माहितीपत्रकात सांगितली असेल त्या जातीचीच घ्यावी. खेळण्यांसाठी मिळणारी स्वस्त कार्बनची बॅटरी दोन-तीन महिन्यांत पुन्हा तोच प्रसंग आणते, आणि पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीचा दाब वेगळा असल्यामुळे उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर ती वापरू नये. जुनी बॅटरी काढल्यावर चाचणीचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. मग नवी बॅटरी घालून पुन्हा चाचणी करावी.

घरात एकापेक्षा अधिक अलार्म असतील तर नेमका कोणता चिकचिकतो हे कानाला पटकन कळत नाही, कारण इतका बारीक आणि क्षणिक आवाज कोणत्या दिशेने आला हे ठरवणे माणसाला अवघड जाते. प्रत्येकाखाली पुरते एक मिनिट उभे राहावे. मी हे न करता पहिल्या वर्षी दोन चांगल्या अलार्मच्या बॅटऱ्या बदलल्या होत्या, आणि दोषी अलार्म माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे पडलेला होता.

धूर नसताना वाजणारे तीन बीप

यंत्राचे आतले काम थोडक्यात समजले तर पुढची सगळी कारणे आपोआप उलगडतात. घरगुती धुराचे अलार्म मुख्यतः दोन प्रकारचे असतात. प्रकाशावर चालणाऱ्या अलार्मच्या काळ्या कप्प्यात एक बारीक प्रकाशझोत असतो आणि त्याच्या वाटेबाहेर, कोनात, एक संवेदक बसवलेला असतो. कप्प्यात कण शिरले की प्रकाश विखुरतो, त्यातला काही संवेदकावर पडतो आणि भोंगा वाजतो. दुसऱ्या, आयनीकरण प्रकारात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अत्यल्प अंश दोन पट्ट्यांमधील हवा विद्युतवाहक करतो आणि धुराचे कण आले की तो सूक्ष्म प्रवाह घटतो. भडकलेल्या ज्वाळेचे बारीक कण दुसरा प्रकार लवकर ओळखतो, तर आत धुमसणाऱ्या आगीचा जाड धूर पहिला प्रकार लवकर ओळखतो. फोडणीच्या आणि भाजणीच्या बारीक कणांनी दुसरा प्रकार अधिक वेळा फसतो, म्हणून स्वयंपाकघराच्या जवळपास तो लावू नये.

आता आमचे पहिले प्रकरण. अलार्म बसवणाऱ्याने वायरची सोय पाहून एक अलार्म स्वयंपाकघराच्या दारापासून अवघ्या साडेचार फुटांवर लावला होता. काळा मसाला भाजला की तो वाजे, ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या की वाजे, आणि बट्टी तळताना तर हमखास वाजे. त्याची चूक काहीच नव्हती. शेगडीपासून निदान ३ मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट अंतर हवे. तेवढी जागा नसेल तर प्रकाशावर चालणारा आणि काही मिनिटे आवाज थांबवण्याचे बटण असलेला अलार्म घ्यावा. खुद्द स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णतेचा अलार्म लावणे योग्य. तो सुमारे ५७-५८ अंशांना वाजतो आणि फोडणीकडे दुर्लक्ष करतो.

भरताची गोष्ट वेगळी आहे. खानदेशात भरताची वांगी गॅसवर भाजणे म्हणजे तडजोड. ती कापसाच्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे वाळलेल्या काड्यांवर, घरामागच्या अंगणातच भाजली जातात. हिवाळ्यात वारा पडलेला असतो, मागचे दार उघडे असते आणि धूर सरळ माजघरात येतो. यावर यंत्राचा इलाज करण्याची गरज नाही. भाजणी चालू असेपर्यंत दार लावून घ्यावे आणि पुढची खिडकी उघडी ठेवावी.

श्रावणात कानबाई या खानदेशी देवीच्या उत्सवाच्या रात्री धूप-दिवे अखंड असतात, घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि अलार्म वाजू नये म्हणून कोणीतरी त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवते. ती पिशवी विसर्जनानंतरही तशीच राहते, हे मी दोन घरांत पाहिले आहे. पंधरा-वीस माणसे जमिनीवर अंथरुणे टाकून झोपलेली असताना आणि देव्हाऱ्यात ज्योत तेवत असताना अलार्मची जितकी गरज असते तितकी वर्षभरात क्वचित असते, म्हणून पिशवी बांधू नये. धूप थोडा दूर सरकवावा आणि आवाज थांबवण्याचे बटण वापरावे, कारण त्याचा परिणाम आठ-दहा मिनिटांत आपोआप संपतो.

पहिल्या पावसात दिव्याभोवती जमणारे किडे कप्प्यात शिरतात, कोळी जाळे करतो. ट्यूबलाइटपासून अलार्म किमान एक फूट दूर असावा; किडेही कमी येतात आणि दिव्याच्या चोकमुळे होणारा विद्युत अडथळाही टळतो. न्हाणीघराच्या दाराशी लावलेला अलार्म वाफेने वाजतो, हे बहुधा सर्वांना ठाऊक असते.

उन्हाळा, कूलर आणि पत्रे

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार या यंत्रांच्या माहितीपत्रकांत फारसा केलेला दिसत नाही. अनेक घरगुती अलार्मसाठी दिलेली तापमानाची मर्यादा साधारण ४ ते ३८ अंश असते. मे महिन्यात धुळ्यात पारा ४० च्या वर असतो, जळगाव-भुसावळ पट्ट्यात तो ४५ च्या आसपास पोहोचतो, आणि तापलेल्या पत्र्याच्या लगत तर त्याहून कितीतरी अधिक असतो. आमच्या वरच्या खोलीवर पत्रे आहेत. तिथला अलार्म दर मे महिन्यात दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान वाजे आणि त्याच्या बॅटऱ्याही लवकर संपत.

पत्र्याखाली आणखी एक दोष असतो, तो आवाज करत नसल्यामुळे लक्षात येत नाही. छताला लागून तापलेल्या हवेचा थर साचतो. खाली धुमसू लागलेल्या वस्तूचा धूर तुलनेने थंड असतो, तो या थरापाशी अडतो आणि छतावरच्या अलार्मपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे नको तेव्हा वाजणारे यंत्र हवे तेव्हा मुके राहू शकते. पत्र्याच्या किंवा उष्णतारोधक थर नसलेल्या छताच्या खोलीत अलार्म छताला न लावता आतल्या भिंतीवर, छतापासून १० ते ३० सेंटिमीटर खाली लावावा. ज्या भिंतीवर बाहेरून ऊन पडते ती भिंत टाळावी. आम्ही तसे केल्यावर दुपारचे वाजणे बंद झाले, पण निर्दोष उपाय असा की घेतानाच अधिक तापमानाला चालणारे मॉडेल निवडावे. स्लॅबच्या घरात छताचा मध्यभाग उत्तम, मात्र भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यातली दहा सेंटिमीटर जागा सोडावी, कारण तिथे हवा कोंडून राहते. धाब्याच्या घरात छतातून माती झरत राहते. तिथे तुळईच्या खालच्या अंगाला अलार्म लावावा आणि तो दुप्पट वेळा साफ करावा.

कूलरबद्दल मला थोडे कडकपणे लिहावेसे वाटते, कारण तो प्रत्येक घरात आहे आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. कूलरच्या थेट झोतात असलेल्या अलार्ममध्ये पाण्याचे सूक्ष्म तुषार आणि वाळ्यातली किंवा गवतातली धूळ जाते, आणि यंत्राला ते धुरापेक्षा वेगळे दिसत नाहीत. उलट, झोत जोरात असेल तर खरा धूर अलार्मपासून दूर लोटला जातो. छताच्या पंख्याचेही तेच. झोताच्या वाटेबाहेर, पंख्याच्या पात्यांच्या टोकापासून निदान एक मीटर अंतरावर अलार्म असावा.

जी तक्रार खोटी नव्हती

आमच्या झोपण्याच्या खोलीला जोडून न्हाणीघर आहे, आणि त्यात गॅस गीझर होता. बसवून देणाऱ्याने तो आतच लावून दिला. आम्हीही, पाइप कमी लागतो म्हणून, हरकत घेतली नाही. सीओ अलार्म झोपण्याच्या खोलीच्या भिंतीवर होता. तिसऱ्या हिवाळ्यात तो काही सकाळी पावणेआठच्या सुमारास चार बीप देऊ लागला. आम्ही धावत जाईपर्यंत न्हाणीघराचे दार उघडलेले असे, अलार्मच्या छोट्या पडद्यावरचा आकडा शून्याकडे उतरत असे आणि सगळे ठाकठीक दिसे. हे रोज होत नसे. कधी आठ दिवस शांतता, मग लागोपाठ दोनदा.

माझा पहिला संशय इन्व्हर्टरवर गेला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. सीओ अलार्ममधील विद्युत-रासायनिक संवेदक हायड्रोजनलाही काही प्रमाणात प्रतिसाद देतो, आणि पाण्याची शिसे-आम्ल बॅटरी दीर्घ भारनियमनानंतर जोरात चार्ज होताना, विशेषतः ती जुनी असेल तर, हायड्रोजन सोडते. आमचा इन्व्हर्टर त्याच खोलीबाहेर होता. तो ओट्यावर हलवला. पुढच्या रविवारी अलार्म पुन्हा वाजला.

तेव्हा दिनदर्शिका काढून पाहिली. वाजल्याचे दिवस होते रविवार, रविवार, एका सणाची सुटी आणि पुन्हा रविवार. त्या दिवशी घरातले चौघेही घरीच असत आणि एकामागोमाग एक अंघोळी होत, त्यातल्या दोन डोक्यावरून, म्हणजे लांबलेल्या. थंडी आत येऊ नये म्हणून न्हाणीघराच्या झरोक्यात थर्माकोलचा तुकडा बसवलेला होता. अलार्मच्या स्मृतीत साठलेला सर्वोच्च आकडा पाहण्याची सोय असते, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. बटण दाबून पाहिले तर तो ११८ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ११८ भाग सीओ, होता.

यापुढचा उलगडा यंत्राच्या नियमातच आहे. सीओ अलार्म हवेतला आकडा पाहून लगेच वाजत नाही. तो आकडा आणि काळ दोन्ही एकत्र मोजतो, कारण शरीरावरचा परिणामही तसाच साचत जातो. युरोपीय मानक ईएन ५०२९१ नुसार ५० पीपीएमला त्याने ६० ते ९० मिनिटांत, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत वाजायचे असते. एरवीच्या दिवशी दोन अंघोळींत तासाभराचे अंतर पडे, हवा पुन्हा मोकळी होई आणि अलार्मची मर्यादा ओलांडली जात नसे. वायू मात्र त्याही दिवशी तयार होतच होता. बंद न्हाणीघरात गीझरची ज्योत तिथलाच प्राणवायू वापरते. तो कमी पडू लागला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी अधिकाधिक कार्बन मोनॉक्साइड निघतो. तिसऱ्या-चौथ्या अंघोळीला ते प्रमाण इतके वाढे की दार उघडताच ते खोलीत येऊन तिथल्या अलार्मला चाळवत असे. खोलीत ११८ होते, तर आत किती असेल याचा विचार आम्ही त्या संध्याकाळी केला.

रविवारी न्हाल्यावर आईचे डोके दुखे. डोक्यावरून पाणी घेतले की डोके धरतेच, अशी आमची सर्वांची समजूत होती. ती उन्हात जाऊन बसे आणि तासाभरात बरे वाटे. उन्हाने नव्हे, मोकळ्या हवेने बरे वाटत होते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि साध्या हवेत श्वास घेताना त्याचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात. बोटाला लावायचा नेहमीचा ऑक्सिमीटर सीओ चिकटलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू असलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही, त्यामुळे तो ९८ दाखवत असतानाही माणूस विषबाधित असू शकतो. दवाखान्यात गेल्यास डॉक्टरांना बंद खोलीत गीझर किंवा कोळसा चालू होता हे आपण होऊन सांगावे, म्हणजे त्यांना रक्ताची योग्य तपासणी करता येते.

गीझर आम्ही मागच्या उघड्या गॅलरीत हलवला आणि गरम पाण्याचा फक्त पाइप आत घेतला. तेव्हापासून स्मृतीतला आकडा शून्याच्या वर गेलेला नाही. गीझर हलवेपर्यंत आम्ही जे करत होतो ते कोणालाही आजपासून करता येईल : झरोका उघडा ठेवायचा, दार उघडे ठेवून बादल्या भरून घ्यायच्या, गीझर बंद करायचा आणि मगच दार लावून अंघोळीला बसायचे. ज्योत निळी न राहता पिवळी दिसू लागली किंवा गीझरच्या वरच्या बाजूला काजळी धरली, तर सर्व्हिसिंगची वाट न पाहता तो बंद करावा.

सीओ अलार्म नेमका कुठे लावायचा यावर बराच गैरसमज आहे. हा वायू हवेपेक्षा किंचित हलका, जवळजवळ तेवढ्याच वजनाचा असतो आणि खोलीभर मिसळतो, त्यामुळे तो जमिनीलगत लावण्याची गरज नाही. झोपण्याच्या खोलीत, उशाच्या उंचीला किंवा त्याहून वर, पडदा-कपाटाच्या आड न येईल असा लावावा. ज्वलनाच्या साधनापासून एक ते तीन मीटर अंतर पुरते, खुद्द न्हाणीघरात वाफेत लावू नये. एलपीजीचा गळती-सूचक हे वेगळे यंत्र आहे : एलपीजी हवेहून जड असल्यामुळे तो जमिनीपासून फूटभर उंचीवर, शेगडीजवळ लागतो. सीओ अलार्म सिलिंडरची गळती ओळखत नाही. गळतीचा वास आल्यास विजेचे एकही बटण चालू वा बंद न करता रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर पडून १९०६ वर कळवावे.

धूर नसलेले निखारे

सीओ अलार्मविषयीची दुसरी तक्रार मला शेजाऱ्यांकडून ऐकायला मिळाली : भरीत खाऊन झाल्यावर पऱ्हाट्यांचे निखारे घमेल्यात भरून शेकायला खोलीत आणले, तर धुराचा अलार्म गप्प आणि सीओचा ओरडतो, तेव्हा सीओचाच बिघडला असावा. बिघडलेला नाही. ज्वाळा आणि धूर विझल्यावर उरणारे लाल निखारे हे घरातले सीओचे एक मोठे उगमस्थान असते. 'आता धूर नाही, आत आणायला हरकत नाही' हे आपल्या पिढ्यान् पिढ्यांच्या अंगवळणी पडलेले वाक्य या वायूच्या बाबतीत नेमके उलटे आहे.

बाळंतिणीच्या खोलीबद्दल हे अधिक जपून सांगावे लागते, कारण तिथे शेक-शेगडी ही मायेची गोष्ट असते आणि सांगणाऱ्या आजीचा मान राखायचा असतो. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवल्यास बाळ आणि बाळंतीण दोघांनाही धोका असतो, आणि बाळ डोके दुखते म्हणून सांगू शकत नाही. आमच्या भाचीच्या वेळी आजींनी शेगडीचा हट्ट सोडला तो गरम पाण्याच्या पिशवीवर. ओवा-शेपाची धुरी मात्र ओट्यावर, उघड्यावर करून घेतली. त्या खोलीत सीओ अलार्म लावला, आणि तो वाजला नाही.

कापसाची खोली

शिरपूर तालुक्यातील मामांकडे, खानदेशातल्या हजारो घरांप्रमाणे, भाव वाढेपर्यंत कापूस घरातच भरलेला असतो. कापसाची आग धुमसते. बिडीची ठिणगी किंवा बल्बचा चटका ढिगात शिरला तर तासन् तास बाहेर ज्वाळा दिसत नाही, आणि दिसते तेव्हा वेळ गेलेली असते. अशा ठिकाणी प्रकाशावर चालणारा अलार्मच उपयोगाचा; पण मामांचा अलार्म दर आठ-दहा दिवसांनी फुकट वाजे, म्हणून त्यांनी त्याच्या जाळीवर जुना मलमलीचा तुकडा बांधला. त्यामुळे तंतू अडले, तसा धूरही अडला असता.

आम्ही तुकडा काढला, अलार्म कापसाच्या खोलीतून बाहेर काढून तिच्या दारासमोरच्या ओसरीच्या छताला लावला, आणि दाराच्या वरचा झरोका मोकळा ठेवला, म्हणजे धूर आधी तिकडेच येईल. शेजारच्या झोपण्याच्या खोलीत दुसरा अलार्म बिनतारी जोडणीने बसवला. एक वाजला की दुसराही वाजतो. कापसाच्या खोलीतला बल्ब आणि लोंबणारी वायर काढून टाकणे हे खरे म्हणजे अलार्मच्याही आधीचे काम होते. वेचणीच्या दिवसांत तंतू उडतात, तेवढ्या काळात दर पंधरा दिवसांनी सफाई करावी लागते.

सफाई, चाचणी आणि शेवटची तारीख

महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबावे. मात्र बहुतेक यंत्रांत हे बटण भोंगा, बॅटरी आणि विद्युत मंडल (सर्किट) यांचीच खात्री देते. कप्प्याची जाळी धुळीने बुजलेली असली तरी बटण दाबल्यावर आवाज येतोच. म्हणून दर तीन महिन्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मऊ ब्रशने, तो नसल्यास कोरड्या मऊ ब्रशने, जाळीच्या कडेने धूळ काढावी. ओले फडके, साबण, फवारा यांपैकी काहीही वापरू नये. दिवाळीच्या रंगकामाआधी अलार्म उतरवून ठेवावा आणि रंग वाळल्यावर त्याच दिवशी परत लावावा. रंगाचा थर जाळी बुजवतो, तर रंगातील द्रावकांच्या वाफा सीओ संवेदकाला फसवतात किंवा खराब करतात. अगरबत्ती पेटवून अलार्मखाली धरण्याची पद्धत टाळावी, तिच्या राळेचा चिकट थर कप्प्यात बसतो. आयनीकरण प्रकारचा जुना अलार्म फोडू नये, जाळू नये आणि भंगारवाल्याला देऊ नये. उत्पादकाकडेच परत करण्याची व्यवस्था विचारावी.

राहिली शेवटची तक्रार. नवी बॅटरी घातली, जाळी साफ केली, तरीही चिक्-चिक् थांबत नाही, आणि ती पहाटेपुरती नसून दिवसभर चालते. अशा वेळी यंत्र उलटे करून उत्पादनाची तारीख पाहावी. मोजणी खरेदीपासून नव्हे, या तारखेपासून होते. धुराच्या अलार्मचे आयुष्य साधारण १० वर्षे असते. सीओ अलार्मचा संवेदक हळूहळू निकामी होत जातो, म्हणून मॉडेलनुसार ५ ते १० वर्षांत पूर्ण यंत्रच बदलावे लागते आणि त्याची नेमकी मुदत पाठीवर लिहिलेली असते. आमच्या सीओ अलार्मवर सात वर्षे लिहिले आहे. गेल्या आठवड्यात तो भर दुपारी चिकचिकू लागला, पडद्यावर अखेरची खूण आली. त्याच मापाचा नवा मागवला आहे. तो भिंतीवर लागून त्याची चाचणी होईपर्यंत जुना जागेवरच राहील, आणि आई तोवर शेजारच्या खोलीत झोपेल असे तिनेच ठरवले आहे.